चांदणी न काढलेलं वाक्य

प्रिय वहिनी,

पत्ता पुन्हा बदललाय, पायाची भिंगरी तीच. सध्या एका म्हाताऱ्या प्राध्यापकांकडे शब्दकोशाची कार्डं उतरवून काढतो. हसू नकोस! भाषेत काठावर पास झालेला तुझा दीर आणि शब्दकोश, म्हणजे माकडाच्या हाती कोलीतच.

परवा एका कार्डावर शब्द आला, 'देवेरि'. फार पूर्वी पूर्व युरोपातले स्लाव लोक नवऱ्याच्या भावाला असं म्हणत असावेत. आपला 'दीर' त्याच गोतावळ्यातला. त्यांच्या एका लेकभाषेत तर लग्नात नवरीच्या सोबतीला राहणाऱ्यालाही हाच शब्द आहे. तुमच्या लग्नात तुझी पर्स सांभाळायला माझ्याकडेच होती ना? ती मी स्टँडवर विसरलो, ते सोड.

सांगत काय होतो, तर 'देवेरि' कुणी लिहून ठेवलेलाच नाही. नंतरच्या भाषांवरून मागचा शब्द ताडलाय. अशा शब्दाच्या डोक्यावर चांदणी काढतात: पाहिलेला नाही, जुळवलेला आहे. खिडकीबाहेर दोघं जण जिन्यातून कपाट चढवत होते, ते बघण्यात मी अडकलो आणि चाळीस कार्डांवर चांदण्या काढायच्याच राहिल्या. प्राध्यापक ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "जुळवण्यात पाप नाही रे. पण चांदणी न देता पुढे ढकललंस, की लोक ते खरं धरून चालतात."

त्याच्या आदल्याच दिवशी ताईचा फोन आला होता. दुसऱ्या गावच्या शाळेतली नोकरी तू नाकारणार आहेस म्हणे. "जाताना ते सांगून गेलेत, घर सोडू नको," असं तिला म्हणालीस.

वहिनी, दादा असं काही बोललाच नाही. तो गेला त्या सकाळी मी हॉस्पिटलच्या खोलीत नव्हतो. पाच मिनिटांत येतो म्हणून चहाला उतरलो आणि खाली कुणाचा तरी बुद्धिबळाचा डाव बघत तासभर रमलो. तो एकटाच होता. तू दारातच विचारलंस, "काही म्हणाले का?" तुझा चेहरा बघवेना. त्याचा घरावर जीव होता, त्यावरून मी ते वाक्य जुळवलं. चार वर्षं तू ते जपतेयस. ही घे त्याची चांदणी, फार उशिरा. शाळेला कळवायची मुदत शुक्रवारपर्यंत आहे. आधी त्यांना फोन कर. माझ्याशी बोलायचं की नाही, ते मग ठरव.

तुझाच,
भिंगरी