कोंबड्याची बाटली

प्रिय रणजीतभिया,

तुझी बाटली प्रेमदासनं आणून दिली. सोनेरी लेबल, हातात धरवत नाही एवढी जड, वर लाकडी पेटी. आपला बापू चैत्रात गेला, दिवाळीला त्याचा पहिला धबुकार. त्याच्या नावानं निखाऱ्यावर लापशी-तूप घालायचं, तर तू ही पेटी पाठवलीस अन् स्वतः पुण्यातच बसणार, काहून, तर दिवाळीत हॉटेल भरलेलं असतं. आम्ही काय पेटीच्या पाया पडायचं का रे?

इटालियन हॉटेलात नवा नवा लागलास तेव्हा बाजेवर बसून बापूला तूच शिकवत होतास. जड बाटली अन् सोनेरी कागद बघून फसायचं नाही, त्याचे पैसे आपल्याच खिशातून जातात. इटलीची लाल वाईन घ्यायची तर किआंती, मानेवर काळा कोंबडा असलेली, अन् त्यातही साधी, लाकडी पिंपात फार दिवस ठेवलेली रिझर्वा नको. जरा आंबट असते, पण मटणासंगं बराबर लागते. बापूनं बकऱ्याच्या सळोईवर तिचा घोट घेतला अन् म्हणाला, ही कोंबड्याची चांगली हाय, डोकं न्हाई धरत. पुढं तो मोहाच्या दारूलाही नावं ठेवायचा, नवऱ्याचा नखरा बघून याडी हसून बेजार व्हायची. आता मॅनेजर झालास अन् सगळं विसरलास.

प्रेमदासनं तुझ्या बाटलीचं बूच स्क्रूड्रायव्हरनं आत ढकललं. मी बोट बुडवून चाखली. नुसता पिंपाच्या लाकडाचा, व्हॅनिलाचा वास. बापूला आइस्क्रीम वाहू का मी?

म्हणून मीच नांदेडला गेले. दुकानातली सगळी गिऱ्हाइकं माझ्याकडंच बघून राहिली होती. दुकानदारानं आधी तुझ्यासारखीच सोनेरी पुढं केली, मग बायांसाठी म्हणून गोड. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, गोडबिड नको, कोंबडा दाखवा, रिझर्वा लिहिलेली नको, साधी द्या. मागच्या फळीवरून धूळ पुसून काढली त्यानं. तुझ्या बाटलीपेक्षा कितीतरी स्वस्त.

आता खरं काय ते सांगते. तांड्याचे वसराम नाईक म्हणतात, रणजीत येत नसेल तर धबुकार प्रेमदास देईल, पुरुषाचाच हात लागतो. का म्हणून? दुखण्यात बापूच्या उशाशी मी बसले, दवाखान्यात मी नेलं. प्रेमदास चुलतभाऊ खरा, पण बापूला काय आवडायचं ते तरी त्याला माहीत आहे का? लापशी मीच घालणार, नाव मीच घेणार, वर दोन थेंब कोंबड्याचेच. नाईकांना तोंडावर सांगून आले. तुला विचारत नाही, कळवतेय. शेजारी बसायचं असेल तर अमावस्येच्या आत ये, अन् बूच काढायचा तुझा तो स्क्रू घेऊन ये. नाही आलास तर पळीच्या दांड्यानं मी बूच आत ढकलीन. तुकडे पडले तर पडले, बापू गाळून घेईल.

रागावलेली, तरी तुझीच
शितल