डाव्या बाजूचा एक्सल

१८ सप्टेंबर २००६, सोमवार. पुसद.
गाडी वळताना पुढून कट-कट आवाज येतो, तो एक्सलचा. मुजफ्फर मिस्त्रीने एक चक्कर मारून सांगितलं, "ड्रायव्हरच्या बाजूचा गेला, साहेब. पण घाई नाही. दसऱ्याले म्हागाव आरामात करते. वळताना हळू, बस."
गाडी त्याच्याकडे टाकणार नाही. मी स्वतः बदलणार, घरी. वीस वर्षं कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर आहे. चिमूटभर कापूस ओढून धाग्याची लांबी सांगतो. एक्सल काय चीज आहे! यंदा केंद्र उघडायचं नाव नाही, म्हणजे टाइमही आहे.
सुनीतीला लायसन्स मिळालंय. दसऱ्याला ती स्वतः गाडी चालवत महागावला माहेरी जाणार. आईला तसा फोनही गेला. मी शब्द दिला: नवा एक्सल, आवाज शून्य. म्हणाली, "मले कटकट चालते हो. लग्नापासून ऐकून राह्यली." यंत्राची कदर नाही.

१९ सप्टेंबर.
दोन्ही चाकं डोळे मिटून हाताने हलवून पाहिली. ड्रायव्हरकडचा उजवा नाही, डावाच गेलाय. मुजफ्फर कानाने ओळखतो, मी बोटांनी. कान फसतो.

२० सप्टेंबर.
पितृपक्षात नवी वस्तू आणत नाहीत. काम स्थगित. सुनीती म्हणाली, परवा चप्पल आणली ती? चपलेची गोष्ट वेगळी.

२३ सप्टेंबर, घटस्थापना.
डाव्या बाजूचा नवा एक्सल आणला. ओसरीवर सतरंजी टाकून ठेवला. शेजारच्या विमलताईंनी विचारलं, "भाऊ, हे मुसळ कायले आणलं?"

२४ सप्टेंबर, सकाळी ९.
शुभारंभ. गाडी जॅकवर उचलली. नट सोडायला गेलो तर नटासोबत चाकच फिरतं. आधी नट ढिले, मग जॅक, असा क्रम दिसतो. गाडी पुन्हा खाली.
दुपारी १२. चाक निघालं! अर्धं काम झालं म्हणायचं.

२५ सप्टेंबर.
मधला मोठा नट हलत नाही. पान्याला चार फुटी पाईप अडकवून त्यावर उभा राहिलो. पाईप निसटला. कंबरेत कट्ट झालं. किरकोळ आहे.

२६ सप्टेंबर.
गाडीखाली असताना तांड्यावरचा रूपसिंग आला. दरवर्षी आमच्याच केंद्रावर कापूस आणतो. माझे पायच बाहेर होते, त्यांच्याशी बोलला. "साहेब, पहिल्या वेच्याचा कापूस घरात भरला, खाट उभी करा लागली. केंद्र कधी उघडन?" वरून आदेश नाहीत, मी खालून सांगितलं. थोडा वेळ बसला. मग पाईप धरून एक हिसका दिला आणि नट सुटला.
मीच काल ढिला करून ठेवला होता.

२८ सप्टेंबर.
एक्सल बाहेर!! ओढताच मागोमाग गिअरचं ऑइल आलं. सगळंच. दारातली रांगोळी गेली. सुनीतीने झाडू आणून माझ्या पायाशी ठेवला, ते जास्त लागलं. आईला फोनवर सांगत होती, येईन म्हटलं ना, गाडीनंच येईन. आवाज बारीक झाला होता. मला वाईट वाटलं. पाच मिनिटं तरी.
जुना एक्सल दिसायला नव्यासारखाच आहे. बोंडअळीचंही तसंच असतं, वरून कळत नाही.

३० सप्टेंबर.
नवा आत जात नाही. मी खाली वाकू शकत नाही. नव्वद टक्के काम पूर्ण.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी.
आज हत्यारांची पूजा. पहाटेच उठून सगळे पाने पाटावर मांडले, हळदकुंकू वाहिलं. आता दसरा होईपर्यंत हात लावायचा नाही. काम आजच संपवायची फार इच्छा होती, पण धर्म तो धर्म. सुनीती म्हणाली, "मंग मी का ढकलत नेऊ म्हागावले?" चप्पल घालून निघून गेली.
दुपारी ४. मुजफ्फरला घेऊन आली. त्याने स्वतःचे पाने आणले. रोजा होता, पाण्याचंही विचारता येईना. नवा एक्सल पाऊण तासात बसवला, ऑइल भरलं. मग जुना हातात घेऊन चारी बाजूंनी फिरवला. म्हणाला, "साहेब, हा तर एकदम चांगला हाय. चांगला काढून चांगलाच टाकला तुम्ही."
खराब आहे तो तिकडेच आहे, ड्रायव्हरच्या बाजूला, उजवीकडे. तिकडे हा लागत नाही, लांबी वेगळी. दुकानं आता दसऱ्यानंतर. सुनीतीला म्हणाला, "बहनजी, आरामात जा. वळताना हळू." अंगणात गंभीर होता. फाटकाबाहेर गेल्यावर हसलेला ऐकू आला.

२ ऑक्टोबर, दसरा. महागाव.
सुनीतीने गाडीला झेंडूचा हार घातला आणि स्टिअरिंगवर बसली. मी मागच्या सीटवर, कंबरेमुळे आडवा. दर वळणाला कट-कट. समोरून ट्रक आले, बैलगाड्या आल्या, एका ठिकाणी म्हशी बसल्या होत्या. बाई कुठे घाबरली नाही. फार छान चालवते. तसं तिला सांगायला हवं होतं.
दारात सासूबाईंनी तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. गल्ली गोळा झाली. जावई मागून उतरला तो वाकलेल्या स्थितीतच. लोक पाहायला लागले, तेवढ्यात सुनीतीने माझा दंड धरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "यायनं स्वतःच्या हातानं एक्सल बदलला, घरी. त्यातच कंबर धरली."
मला भरून आलं. लाजही वाटली. म्हणालो, मला त्यातलं काही येत नाही, मुजफ्फरने बसवला, आणि तोही चुकीच्या बाजूचा. आयुष्यात पहिल्यांदा एवढं खरं एका दमात बोललो.
सगळे हसले. त्यांना विनय वाटला. सासरे म्हणाले, एवढा गुणी माणूस, पण गर्व कसा तो नाही!
जेवताना माझा मेहुणा पियूष म्हणाला, "भाऊजी, माह्या जीपचंही पुढचं चाक आवाज करून राह्यलं. उद्या पाहून देता का?"
सुनीती वाढत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "देतीन ना. कायले नाही देणार?"