घोट्याचा फोटो आणि गुडघ्याखालचं हाड

ती. दादा यांस,

साष्टांग नमस्कार (घोट्यासकट, हल्ली मी त्याला वेगळा मान देतो).

तुमचं ब्लडप्रेशर आटोक्यात असेल अशी आशा करतो, कारण हे पत्र वाचताना त्याची गरज पडेल. वहिनींची कंबर कशी आहे? इकडे सर्व क्षेम आहे, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. आई (तुमच्या सख्ख्या, माझ्या सासूबाई) दवाखान्यात आहेत. घाबरू नका. मी घाबरलोय तेवढं दोघांना पुरेल. फोनवर माझी बोबडी वळते, म्हणून आज तुमच्याकडेच निघालेल्या औषधवाल्यांच्या हाती पत्र देतो आहे.

तीन आठवड्यांपूर्वी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर आईंचं पाऊल जागीच राहिलं आणि आई वळल्या. घोटा टम्म सुजला. घरात एक्स-रे काढणारा जावई असताना दुसरीकडे कशाला जायचं? मी स्वतःच्या हाताने फोटो काढला. दादा, माझी ख्याती तुम्हाला ठाऊक आहे. घोटा म्हटलं की घोटाच, वर चार बोटं नडगी की खलास! (आमचे साहेब माझे फोटो नमुना म्हणून भिंतीवर लावतात. लावायचे.) ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी फोटो पाहिला, हाड शाबूत आहे, मुरगळलंय म्हणाले. आई कण्हत होत्या, "जावईबापू, मला गुडघ्याखाली ठणकतंय हो." मी म्हणालो, ते वयाचं. वर शहाणपणा केला तो वेगळाच. बसून राहिलात तर सांधा आखडेल म्हणून मी त्यांना गॅलरीत रोज दहा फेऱ्या मारायला लावल्या. अठरा दिवस त्या बिचाऱ्या ओठ चावत चालल्या, का, तर जावयाचा शब्द पडू नये म्हणून.

सूज उतरेना तेव्हा आमच्याच दवाखान्यातल्या हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी माझ्या सुबक फोटोकडे पाहिलंसुद्धा नाही. गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूला अंगठ्याने दाबलं, आणि आईंच्या किंकाळीने बाहेरची रांग उभी राहिली. मग अख्ख्या पायाचा फोटो निघाला. नडगीशेजारचं बारीक हाड गुडघ्याच्या जरा खाली तिरकं मोडलेलं! पीळ घोट्यात बसला, दोन हाडांना बांधणारे पट्टे फाडत वर गेला आणि तिथे हाड मोडून बाहेर पडला. असं क्वचितच होतं म्हणे, म्हणून सगळे घोट्याशीच घुटमळतात. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, ते हेच. (म्हैस हा शब्द आईंना उद्देशून नाही, कृपया नोंद घ्यावी.) नंतर मी माझा जुना फोटो उजेडावर धरला. घोट्यापाशी दोन हाडांमधली फट चांगली रुंदावलेली दिसत होती, दादा. मी फोटोची चौकट पाहत बसलो होतो.

गुरुवारी सकाळी आठला ऑपरेशन आहे. घोट्याच्या वर दोन स्क्रू घालून हाडं जवळ आणणार. वरचं मोडलेलं आपोआप जुळेल. "पहिल्यासारखं चालता येईल ना?" असं विचारलं, तर डॉक्टर म्हणाले, "बघू." हा "बघू" मी बावीस वर्षं दुसऱ्यांच्या बाबतीत दाराआडून ऐकत आलोय.

आपला,
तुमच्या बहिणीचा नवरा (सध्या एवढीच ओळख सांगण्यासारखी आहे)

ता. क. मुख्य काम राहिलंच. डॉक्टरांनी डोळे वटारून विचारलं, यांना चालायला कुणी लावलं? माझ्या तोंडून निघून गेलं, "यांच्या मुलाने, फोनवरून." ते तुमच्याशी बोलणार आहेत. कृपा करून फक्त "हो" म्हणा. तुमच्यावर ते एकदाच ओरडतील. मला रोज त्यांच्यासमोर उभं राहायचंय.

ता. क. २. "हो" म्हणायची गरज उरली नाही. पाकीट चिकटवण्याआधी आईंना भेटायला गेलो, तर डॉक्टर तिथेच होते आणि आई त्यांना सांगत होत्या, "जावईबापू घाबरून खोटं बोलले हो. माझ्या मुलाचा फोन आला असता, तर मी चालले काय, नाचले असते."

दादा, गुरुवारी सकाळी सातपर्यंत मोबाइल आईंच्या उशाशी असेल. मग नर्स काढून घेते.