फडकं अडकतं तिथे

नाना, त्या गुरुवारी सकाळी मी नेहमीसारखा साडेसहाला कामरेजच्या नाक्यावर आलो, क्रेनची काच पुसली, उदबत्ती लावली आणि तुमच्या दोराला कुंकवाचं बोट लावलं. तोच तारेचा दोर, तुम्ही मला दिलेला. क्रेनच्या मागच्या कडीला तो वेटोळं करून टांगलेला असतो, आणि त्यावर चौदा वर्षांचं कुंकू आणि ग्रीस एकमेकांत असं मुरलंय की खालची तार दिसत नाही. हात जोडले, चहा घेतला. फडकं मात्र फिरवलं नाही. बाकीच्या दोरांवर मी दर सोमवारी फडकं फिरवतो, तुम्ही शिकवलं तसंच. फक्त तुमच्या दोरावर तुम्ही गेल्यापासून एकदाही फिरवलं नव्हतं. का, ते मला त्या सकाळीही माहीत होतं.

तुम्हाला उधन्याची ती खोली आठवते का? मी गावची शाळा सोडून सुरतेत आलो त्या पहिल्या दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. काकू कळण्याच्या भाकरी थापतायत, आणि तुम्ही स्वयंपाकघरात दारापासून पाण्याच्या माठापर्यंत दोर पसरून बसलाय. हातात जुन्या धोतराचा तुकडा. दोर त्या तुकड्यातून हळूहळू सरकवताय, जशी आई पोराच्या केसांतून फणी फिरवते. मध्येच तुकडा अडकला. तुम्ही थांबलात, नखाने ग्रीस खरवडलं, आणि तुटून वर आलेली एक बारीक तार मला दाखवलीत. "फडकं अडकनं, का दोर संपना." म्हणजे हा दोर बाद. मला पटेना. त्याच दोराने आपण दोन दिवसांपूर्वी रेतीने भरलेला डंपर चिखलातून ओढून काढला होता, आणि आदल्या दिवशी मीच त्याला झेंडूची माळ घातली होती. मी म्हणालो, नाना, कालच तर याची पूजा झाली. तुम्ही माझ्याकडे बघितलंत ते अजून डोळ्यांसमोर आहे. "पूजा करी म्हनीन काय तुटेल तार जुडी जास का?" मग छिन्नी आणि हातोडा मागितलात. काकू ओरडल्या, "आधी भाकर खाई ल्या, मंग तोडा!" तुम्ही ऐकलं नाहीत. माळेसकट तोडलात. आणि भाकरीचा पहिला तुकडा मोडताना, मी रुसलोय हे बघून, हलक्या आवाजात म्हणालात, "देव दोरमा नही ऱ्हास रे भो. दखनारा डोयामा ऱ्हास."

मी देवभोळा माणूस. तेव्हाही होतो, आजही आहे. देव दोरात नाही, बघणाऱ्या डोळ्यात असतो, हे वाक्य मी ऐकलं, पण माझ्यात मुरलं नाही. बाकी सगळं मुरलं. बंद पडलेली गाडी झोपलेली नसते, सुटलेली असते, हे मी विसरलो नाही. इंजिन बंद म्हणजे स्टीअरिंग जड आणि ब्रेकचा भरवसा नाही. आधी चाकांना लाकडी ठोकळे, मग बाकीचं बोलणं. गाडीतली माणसं खाली. चढावर दोर चालेल, उतारावर दोर कधीच नाही, तिथे लोखंडी दांडी, नाहीतर मागची गाडी पुढच्यावर येऊन बसते. आणि ताणलेल्या दोरावर मधोमध गोधडी टाकायची, म्हणजे तुटलाच तर तो सापासारखा उसळत नाही, गोधडीच्या वजनाने तिथेच खाली बसतो. काकूंनी जुन्या लुगड्यांची शिवलेली गोधडी तुम्ही त्या कामाला काढलीत, तेव्हा त्या आठ दिवस बोलल्या नव्हत्या तुमच्याशी. एकदा घाईत मी ताणलेला दोर ओलांडला आणि तुम्ही भर रस्त्यात, चार ड्रायव्हरांसमोर, माझ्या कानाखाली आवाज काढलात. संध्याकाळी मला रताळू पुरी खायला नेलंत आणि कान दुखतो का म्हणून दोनदा विचारलंत.

शेवटच्या वर्षी तुम्हाला दिसेनासं झालं तेव्हा तुम्ही स्वतः बाजारात जाऊन, हाताने चाचपून, हा दोर निवडलात. "हाऊ तुना. जपी वापर." एवढंच म्हणालात. पावसाळा सरायच्या आत तुम्ही गेलात. जपून वापर म्हणालात आणि मी नुसतं जप एवढंच ऐकलं. मी नियम केला की प्रत्येक कामाची पहिली ओढ तुमच्या दोराने घ्यायची. गाडी जराशी हलली की तो काढायचा, डोक्याला लावायचा आणि दुसरा दोर बांधायचा. नाक्यावरचे लोक त्याला शकुनाचा दोर म्हणू लागले. ग्राहकसुद्धा विचारायचे, पहिले वो वाला लगाया ना? मला बरं वाटायचं. तुम्ही सोबत आहात असं वाटायचं. माझा जोडीदार, तो मराठवाड्यातला, गेली नऊ वर्षं माझ्या क्रेनचं दोर ओढायचं यंत्र तोच चालवतो, तो दर महिन्याला म्हणायचा, "भाऊ, ह्याला एकदा बघा की. का देवाला डॉक्टर लागत नाही?" शेवटी त्यानेच मला नवा दोर घ्यायला लावला. तो दोन वर्षं प्लास्टिकच्या पिशवीत पडून होता.

तर त्या गुरुवारी आठ वाजता वाहतूक पोलिसांचा फोन आला. उड्डाणपुलाच्या चढावर बस बंद पडलीय. कोसाडहून बायकांना कामावर नेणारी बस, एका कारखान्याची. आम्ही समोरच्या बाजूने पुलावर चढलो. बघतो तर बस जुनी, हवेची टाकी रिकामी, म्हणजे ब्रेक नाहीच. नुसत्या हँडब्रेकवर आणि मागच्या चाकाखालच्या दोन दगडांवर उभी. पुढचं चाक दुभाजकात तिरकं घुसलेलं, त्यामुळे दांडी बसेना. आधी दोराने आठ-दहा फूट ओढून सरळ करावी लागणार, मग दांडी. आणि मागे, बसच्या अगदी पाठीला चिकटून, रिक्षा, दुचाक्या, दुधाचा टेम्पो, रांग पार नाक्यापर्यंत.

मी आधी ठोकळे लावले. मग बायकांना उतरवायला लागलो तर कुणी उठेना. "काका, गेट बंद होईल, तुम्ही ओढा ना, आम्ही बसतो." बसचा ड्रायव्हर तरणा गुजराती, तो खिडकीतून म्हणतो, "काका, दस फूट ज तो छे, खेंची लो ने!" पोलीस घड्याळ दाखवतोय. मी म्हणालो, साहेब, जब तक पीछे का रास्ता खाली नहीं, मैं दोर नहीं लगाऊँगा. तो चिडला, पण गेला मागे शिट्टी फुंकत. वीस-पंचवीस फूट जागा झाली. त्याच्यापलीकडे कुणाला सरकायलाच जागा नव्हती. बायका कुरकुरत उतरल्या आणि कठड्याला लागून उभ्या राहिल्या.

मी तुमचा दोर काढला. त्यातली एक बाई, चाळिशीची, आपल्याच बोलीची, पुढे आली. कुंकू बघून तिने दोराला हात लावून नमस्कार केला. "भाऊ, देवना दोर शे का?"

मी म्हणालो, हो.

"मंग काय भ्याव शे! मनी पोर मांगे रिक्षामा शे ना, बस चुकनी तिनी. म्हनीन इचारं."

मी मागे बघितलं. रांगेत सगळ्यात पुढच्या रिक्षातून एक मुलगी मान बाहेर काढून आईला हात करत होती. नाना, मी दोर हुकाला न लावता हातातच धरला. ती बाई माझ्यावर विश्वास ठेवत नव्हती, माझ्या कुंकवावर ठेवत होती. आणि कुंकवाखाली काय आहे हे चौदा वर्षांत मीही बघितलं नव्हतं. पहिली ओढ म्हणजेच सगळ्यात मोठा झटका, हे तुम्ही मला शंभरदा सांगितलं होतं, आणि मी तोच झटका नेमका सगळ्यात जुन्या दोराला देत आलो होतो. मी सीटखालून तुमच्या धोतराचा तुकडा काढला. सगळे थांबलेत, मागे हॉर्न वाजतायत, पोलीस ओरडतोय, "काका, हवे शुं साफसफाई करो छो?" आणि मी पुलाच्या मधोमध उभा राहून दोर फडक्यातून सरकवतोय. चार हातांवर अडकलं. आणखी दोन हातांवर पुन्हा. तिसऱ्यांदा अडकलं तिथे ग्रीस निघून आलं आणि खाली तुटलेल्या तारा गव्हाच्या कुसळांसारख्या उभ्या होत्या. बाईने त्या बघितल्या. मी बघितल्या. जोडीदाराने क्रेनमधून मान काढली आणि म्हणाला, "कुंकू पुसलं आन् नवरी दिसली का भाऊ? आता त्या पिशवीतलीला सासरी धाडा."

मी तुमचा दोर बाजूला ठेवला आणि नवा काढला. त्याला कुंकू लावलं नाही. त्याच्यावर फडकं फिरवलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि ते पाण्यासारखं गेलं. बसच्या पुढच्या हुकात तो अडकवला, बंपरला नाही. मध्ये गोधडी टाकली. काकूंची ती केव्हाच विरली, आता माझ्या बायकोने शिवलेली आहे. ड्रायव्हरच्या खिडकीशी जाऊन सांगितलं, चावी चालू ठेव म्हणजे स्टीअरिंग अडकणार नाही, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक मी हात वर केल्यावर सोड. त्याचा आवाज आता बारीक झाला होता. "काका, तूटशे तो नहीं ने?" मी म्हणालो, नाही. आणि नाना, तुम्ही गेल्यापासून पहिल्या ओढीआधी पहिल्यांदाच ते बघून बोललो.

दोर ताणला. मी हात वर केला. चाक दुभाजकातून सुटलं तशी बस एकदम वळली, मागचा ठोकळा घसरला आणि अख्खी बस वीतभर मागे आली. तो आवाज तुम्ही ऐकायला हवा होतात. दोर तंबोऱ्याच्या तारेसारखा वाजला, गोधडी जागची उडून पुन्हा बसली, कठड्याजवळच्या बायका किंचाळल्या. आणि बस थांबली. दोराने ती धरून ठेवली. मी ठोकळा पुन्हा चाकाखाली सरकवला आणि जोडीदाराने बोटबोट करत बस सरळ केली, जणू झोपलेल्या माणसाच्या अंगाखालून चादर ओढतोय. सरळ झाली. ठोकळे लावले, दोर काढला, दांडी बसवली. मग पुलाच्या माथ्यावरून पलीकडे उतरलो, पहिल्या गिअरमध्ये, माणूस चालतो त्या वेगाने, मागे ती बस शहाण्या म्हशीसारखी, आणि बायका कठड्याकडेने चालत. रस्ता मोकळा झाला तसे रांगेतले रिक्षावाले हॉर्न वाजवत शेजारून गेले, पण आता तो हॉर्न वेगळा होता. ती रिक्षा आली, मुलगी उतरून आईला बिलगली. बायकांनी टाळ्या वाजवल्या. पोलीस आला, हात मिळवला आणि म्हणाला, "काका, साफसफाई सारी करी." चांगली केलीत म्हणे. जोडीदार एवढा फुगला की त्याने मोकळ्या रस्त्यावर उगाच चार वेळा भोंगा वाजवला. ती बाई जाताना म्हणाली, "तुमना देव भारी शे भो." मी म्हणालो, ताई, तो दोर जुना होता, तो नाही वापरला. ती हसली. "माले समदं दिसनं ना. म्हनीनच सांगस."

मी क्रेनमध्ये बसून रडलो नाही. मी जिंकलो होतो. एवढ्या वर्षांत शेकडो गाड्या ओढल्या, पण छाती अशी कधी भरून आली नव्हती. तुम्ही त्या दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी जे म्हणालात ते मला त्या पुलावर, उन्हात, हॉर्नच्या गोंगाटात समजलं, आणि वेळेत समजलं.

हे सगळं मी पोराच्या जुन्या वहीत लिहितोय, गावच्या शाळेत घटवलेल्या त्याच अक्षरात. कागद वहीतच राहणार, तुमच्यापर्यंत यायचा नाही, हे कळतं. तुमच्या दोराचा एक वीतभर तुकडा देवघरात ठेवावा असं मनात होतं. तापीत सोडावा असंही वाटलं. दोन्ही केलं नाही. तुकडा ठेवला असता तर मी पुन्हा त्याच्यावर कुंकूच चढवत बसलो असतो, अख्खा ठेवला असता तर कुणीतरी उचलून वापरला असता, आणि तापीला तारेची काय गरज? शुक्रवारी सकाळी मी न्हाऊन नाक्यावर आलो, आणि उदबत्ती लावण्याआधी दोर जमिनीवर पसरून त्याचे हात-हातभर तुकडे केले, छिन्नीने, तुमच्यासारखे. देवघरात काही ठेवलं नाही. धोतराचा तुकडा स्टीअरिंगखाली बांधलाय, हाताशी. एक मात्र कबूल करतो नाना, पहिला घाव घालताना मी डोळे मिटले होते, म्हणून तो जमिनीवर पडला. दुसरा उघड्या डोळ्यांनी घातला.