भरतीची जावा आवृत्ती

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ७
आजपासून रोजनिशी. संकल्प तीन. रोज समुद्रावर तीन किलोमीटर चालणे. चहा दिवसाला दोनच कप. ऑफिसात पायथनचा विषय कायमचा मिटवणे. तिन्ही महिनाअखेरपर्यंत.
चालायला उद्यापासून. आज बूट सापडले नाहीत.

३ नोव्हेंबर. संध्याकाळी ६
मुद्दा लिहून ठेवतो, म्हणजे डोकं शांत राहील. गणराजशेठची कंपनी म्हणजे नागावात नारळाच्या वाडीतल्या होमस्टेच्या मागच्या दोन खोल्या. मी इथे सीनियर, सहा महिन्यांच्या प्रोबेशनवर. त्याआधी ऐरोलीच्या एका कंपनीत एकोणीस वर्षं जावा भाषेत प्रोग्रॅम लिहिले. तिथून मी स्वतःहून बाहेर पडलो, त्यांनी फक्त तारीख सांगितली.
आता किनाऱ्यावरच्या वॉटर स्पोर्ट्सवाल्यांसाठी बुकिंगचं सॉफ्टवेअर करायचंय. प्रणाली (वय सव्वीस, पोयनाडहून स्कूटीने येते) म्हणते, सगळं पायथनमध्ये लिहू. मी शांतपणे सांगितलं की पायथन ही स्क्रिप्टिंग भाषा आहे. फायलींची नावं बदलायला, एक्सेल जुळवायला ठीक. पगार घेऊन करायच्या कामाला नाही. ती म्हणाली, सर, मोठमोठ्या कंपन्या वापरतात की. म्हटलं, त्यांचं त्यांच्यापाशी.
गणराजशेठनी वाद ऐकला, घड्याळ बघितलं आणि म्हणाले, एक डिसेंबरला ठरवू. जी भाषा ठरेल तिचा माणूस टेक्निकल हेड. दुसऱ्याने त्याच्या हाताखाली काम करायचं.
निकाल उघड आहे. चहा पाच झाले, पण आज वादाचा दिवस होता.

६ नोव्हेंबर, गुरुवार
किनाऱ्यावर मीटिंग. (म्हणजे चालणं झालंच.) वॉटर स्पोर्ट्सवाल्यांचे म्होरके धर्माजी, वय सत्तरच्या पुढे. त्यांची अडचण अशी की ओहोटीला पाणी इतकं आत जातं की बोटी वाळूला घासतात. म्हणून बुकिंग फक्त भरतीच्या आधी दोन तास आणि नंतर दोन तास. सॉफ्टवेअरला भरती केव्हा आहे ते कळलं पाहिजे.
मी म्हटलं, नेटवर तक्ते मिळतात. धर्माजी म्हणाले, आमच्यात तक्ता कोन बघतो, तिथीची पाऊनपट कर. चौथीला तीन, अष्टमीला सहा, आवसपुनवेला तिथी शून्य धर, म्हंजे बारा. माझ्या बापाचा आज्जा पन असंच धरायचा, कधी चुकला न्हाय.
गणराजशेठ म्हणाले, हेच घालायचं, तरच ही मंडळी वापरतील. म्हणजे सगळा मिळून एकच गुणाकार. प्रणालीने तिथेच मोबाईलवर लिहून घेतला. मी पाठ केला.

८ नोव्हेंबर, शनिवार
प्रणालीची पायथन आवृत्ती तयार. दोन दिवसांत. साठ ओळी. यावरूनच कळतं की कामात गांभीर्य नाही.
माझ्या आवृत्तीचा आराखडा तयार. म्हणजे आराखड्याचा आराखडा.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
फायली सतरा झाल्या. एक फाईल तिथी आणते, एक तिथी तपासते, एक तपासणाऱ्यावर लक्ष ठेवते. गणराजशेठनी विचारलं, एका गुणाकाराला इतक्या? मी सांगितलं की व्यावसायिक सॉफ्टवेअर आजच्यासाठी नसतं. उद्या नियम बदलला तर? ते म्हणाले, चंद्राचा? त्यांना बारकावे समजायला वेळ लागेल.
कंबर दुखते आहे. प्रोग्रॅम एकदा चालवायला चार मिनिटं लागतात, तेवढ्यात चहा होतो. हा चहा हिशेबात धरत नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार
वीस पानांचा अहवाल लिहायला घेतला: ‘स्क्रिप्टिंग भाषा: एक व्यावसायिक धोका’. पहिलं पान म्हणजे शीर्षक. दुसऱ्यावर मुद्दा क्रमांक एक: जावात प्रत्येक संख्येची जात आधी सांगावी लागते, त्यामुळे चूक आत शिरूच शकत नाही. पायथनमध्ये कोणीही येतो, कसाही बसतो. हे वाक्य मला फार आवडलं. पुन्हा पुन्हा वाचलं. तेवढ्यात सहा वाजले.

२० नोव्हेंबर, गुरुवार. दुपारी १२.२०
विजय. एकतीस फायली, आणि पहिली चाचणी यशस्वी. आज अमावास्या. माझ्या सॉफ्टवेअरने भरती बाराला सांगितली. मी स्वतः किनाऱ्यावर जाऊन उभा राहिलो. बाराला पाणी पार सुरूच्या झाडांपर्यंत. डोळे भरून आले. एकोणीस वर्षांत मी लिहिलेलं काही असं समोर येऊन उभं राहिलं नव्हतं.
प्रणालीने विचारलं, सर, दुसऱ्या एखाद्या तिथीला तपासलंत का? मी म्हटलं, नियम एकच आहे ना? मग एका तिथीला बरोबर म्हणजे सगळ्यांना बरोबर. ती म्हणाली, तरी एकदा बघू या का. पायथनवाल्यांना आपल्या लिहिण्यावर विश्वास नसतो, म्हणून सारखं तपासत बसतात.

२४ नोव्हेंबर, सोमवार
गणराजशेठनी माझी आवृत्ती निवडली. शनिवारी, २९ला, खऱ्या बुकिंगवर चालवायची. मी कारण विचारलं नाही. प्रणालीनेच सांगितलं असं नंतर कळलं: सरांची आधी चालवू, त्यांनी फार मेहनत घेतलीय. तिचं मन मोठं आहे. हेड झाल्यावर तिला चांगलं काम देईन.

२५ नोव्हेंबर, मंगळवार. संध्याकाळी
नूतनने जेवायला वाढताना विचारलं, पायथन शिकायला किती दिवस लागतात? म्हटलं, मला आठवडा. ती म्हणाली, अहो, मग शिकून टाका की, प्रोबेशन संपत आलंय, सत्तेचाळिसाव्या वर्षी आणखी कुठे फिरणार तुम्ही? बायकोला हे समजावणं अवघड आहे. प्रश्न आठवड्याचा नाही, तत्त्वाचा आहे.
जेवण झाल्यावर सहज एक व्हिडिओ लावला. शिकवणारा म्हणाला, नमस्कार बिगिनर्स. बंद केला.

२९ नोव्हेंबर, शनिवार. सकाळी ९.४५
किनाऱ्यावर आलो. इस्त्रीचा शर्ट. आज नवमी. सॉफ्टवेअरने दहा ते दोन बुकिंग दिलंय, बेचाळीस माणसं. भरती बाराला. समुद्र अजून बराच आत आहे. येईल.

सकाळी ११
येईल.

दुपारी १२.३०
समुद्र आणखी आत गेला. बेचाळीस माणसं लाइफ जॅकेट घालून ओल्या वाळूत उभी. पुण्याचं एक कुटुंब बनाना बोटीत बसून फोटो काढतंय, बोट वाळूवर. घोडागाडीवाल्यांना फुरसत नाही. धर्माजी सावकाश चालत आले आणि म्हणाले, नवमीला पावनेसात, सकाली भरती येऊन गेली, आता सांजेला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, बाराला तर आवसेला येते रं. ओरडले असते तर मी काही तरी उत्तर दिलं असतं.

दुपारी ४
प्रणालीने माझ्या एकतीस फायली वाचल्या. दहा मिनिटं लागली. सव्विसाव्या फाईलमध्ये मी पाऊण असं लिहिलं होतं: तीन भागिले चार. जावात पूर्ण आकड्याला पूर्ण आकड्याने भागलं की उत्तरही पूर्णच येतं, अपूर्णांक कापला जातो. म्हणजे शून्य. कुठल्याही तिथीला शून्याने गुणा, शून्यच. आणि शून्य वाजता म्हणजे बारा. रोज बारा. चौथीला बारा, अष्टमीला बारा. अमावास्येला बारा बरोबरच होते.
तिच्या साठ ओळींमध्येही तीन भागिले चारच आहे. तिथे पाऊण येतं.
हा प्रश्न मी एकोणीस वर्षं मुलाखतीत नवीन पोरांना विचारत आलोय. चुकलं की घरी पाठवायचो.

३० नोव्हेंबर, रविवार
शांतपणे विचार केला. जावाची चूक नाही. तिला सांगितलं ते तिने केलं. यालाच शिस्त म्हणतात. उलट पायथनने न सांगता अपूर्णांक दिला, म्हणजे मनाचं केलं. हा मुद्दा क्रमांक दोन. तिसरं पान सुरू केलं.
दुपारी झोपलो. उठल्यावर मुद्दा मलाच पटेना. नूतनने विचारलं, अंगात ताप आहे का? नाही म्हटलं. नुसता थकलोय. किती दिवस थकलोय ते आठवत नाही.

१ डिसेंबर, सोमवार
मीटिंग सात मिनिटं चालली. पायथन. प्रणाली टेक्निकल हेड. माझं प्रोबेशन तीन महिने वाढवलं, तेही तिने शब्द टाकला म्हणून. गणराजशेठ म्हणाले, चांगदेव सर, तुमचा अनुभव आहे, तो वापरा. कुठे ते सांगितलं नाही. अहवाल मागतील म्हणून तीन पानं छापून नेली होती. कोणी मागितली नाहीत.
प्रणाली एका शब्दाने टोचून बोलली नाही. माझी खुर्ची, माझी खिडकी तशीच राहू दिली. तिने टोमणा मारला असता तर आज घरी येऊन नीट चिडता आलं असतं.

३ डिसेंबर, बुधवार
राजीनामा देणार. मसुदा मनात तयार आहे. मुंबईत जावावाल्यांना अजून किंमत आहे, दोन जुन्या मित्रांना मेसेज टाकलेत. एकाने हात जोडलेले चित्र पाठवलं. दुसरा म्हणतो की तो स्वतः पायथनचा क्लास लावून बसलाय.

५ डिसेंबर, शुक्रवार
राजीनामा सोमवारी. शुक्रवारी दिला तर शनिवार-रविवार लोक विसरतात.

८ डिसेंबर, सोमवार
प्रणालीने काम दिलं. बुकिंग झालं की पाहुण्याला भरतीची वेळ मेसेजने जावी. पायथनमध्ये. म्हणाली, सर, घाई नाही, आठवडा घ्या. मी म्हटलं, आठवडा कशाला. घरी आल्यावर तो बिगिनर्सवाला व्हिडिओ पूर्ण बघितला. दोनदा. वहीत लिहून घेतलं.

९ डिसेंबर, मंगळवार
अकरा ओळी लिहिल्या. चालवायला चार मिनिटं लागतील म्हणून चहाला उठलो, तर खुर्ची मागे सरकवेपर्यंत प्रणालीच्या फोनवर मेसेज येऊन पडला. वेळ बरोबर. मी सहा वेगवेगळ्या तिथी घालून बघितल्या. सगळ्या बरोबर. प्रणालीने बघितलं आणि म्हणाली, छान झालंय, सर.
मला बरं वाटलं. खूपच बरं वाटलं. दिवसभर मध्येच आठवत होतं आणि बरं वाटत होतं. मग याची लाज वाटली, पण बरं वाटणं थांबलं नाही.
संध्याकाळी घरी शिरताच नूतनला सांगितलं, प्रणाली मॅडम छान म्हणाल्या. तिने विचारलं, मग आता नोकरी पक्की का?
म्हटलं, नाही, नुसतं छान म्हणाल्या.