मोरपीस आणि माझी सीएसव्ही

३ मार्च
पाणीपुरवठा कार्यालयात कायम जागा एकच, आणि तात्पुरत्या आम्ही दोघी. निकाल महिनाअखेर. माझं नक्की आहे. घरातली पहिली पदवीधर मी. बाबांनी गल्लीत सांगूनही टाकलं.
दुसरी म्हणजे शेजारच्या टेबलावरची. तिच्या रिपोर्टला निळ्या-हिरव्या पट्ट्या असतात, म्हणून मी तिला मनात मोरपीस म्हणते. यात मत्सर अजिबात नाही. निरीक्षण आहे.

५ मार्च
तक्रारींचा रिपोर्ट काढला की कॉम्प्युटर विचारतो, कशात सेव्ह करू? एक्सेल, पीडीएफ की सीएसव्ही? मोरपीस एक्सेल घेते, रंग भरते. साहेब म्हणाले, "वा, बघताक्षणी कळलं!" मी सीएसव्ही देते. नुसती माहिती आणि मध्ये स्वल्पविराम. रंग नाही, ढंग नाही. साहेब म्हणाले, "मॅडम, ही काय मुंग्यांची रांग?"
सत्य साधंच असतं. कळेल त्यांना हळूहळू.

९ मार्च
बाबांनी विचारलं, दिवसभर करतेस काय? म्हटलं, फाईल कशात सेव्ह करायची ते ठरवते. "आणि त्याचा पगार देतात?" आई म्हणाली, "अहो, शिकलीय ती. तिला ठरवावं लागतं."

१२ मार्च
संकल्प: मोरपीसकडे बघायचं नाही.
दुपारी: तिची ओढणी नवी आहे. साहेब येता-जाता तिच्या टेबलापाशी थांबतात. माझ्यापाशीही थांबले. पंखा बंद करायला.

१६ मार्च
पीडीएफ करून पाहिली. रंग तिच्याहून जास्त टाकले. साहेबांना नेमकी त्यात बेरीज करायची होती. पीडीएफमधले आकडे जागचे हलत नाहीत. "हे काय, फोटो काढून आणलात?" मोरपीसने लगेच आपली एक्सेल दिली. अशी पुढे पुढे करणारी माणसं मला आवडत नाहीत.
परत सीएसव्ही. तत्त्व म्हणजे तत्त्व.

२३ मार्च
गुरुवारी दुरुस्तीसाठी पाणी बंद. ज्यांचं बंद, त्यांना आदल्या दिवशी मेसेज जाणार. यादी काढायचं काम मला! आणि मेसेजच्या यंत्रणेला सीएसव्हीच लागते! शेवटी न्याय झाला.
मोरपीस येऊन म्हणाली, "अगं, ती फाईल एक्सेलमध्ये उघडून परत सेव्ह नको हं करूस. ग्राहक क्रमांकापुढची शून्यं उडतात."
बिचारी. किती पोटात दुखत असेल! एक्सेलवाली मला सीएसव्ही शिकवते.
मुद्दाम एक्सेलमध्ये उघडली. डोळे भरून पाहिली. सेव्ह करू का, असं कॉम्प्युटरने विचारलं. हो म्हटलं.

२५ मार्च
पाणी जाणार हे घरी मुद्दाम सांगितलं नाही. मेसेज येऊ दे, मग माझं काम कळेल सगळ्यांना.
अजून आलेला नाही. नेटवर्क.

२६ मार्च
नळाला थेंब नाही. बाबा तोंडाला साबण लावून उभे. आई म्हणाली, "तुझ्याच ऑफिसचं पाणी ना गं हे?"
साहेबही साबणातच होते, असं त्यांच्या फोनवरून कळलं. जुन्या वस्तीतले सगळे ग्राहक क्रमांक शून्याने सुरू होतात. शून्यं उडाली, क्रमांक जुळले नाहीत, मेसेज गेलेच नाहीत. मोरपीसच्या घरी मात्र बरोबर गेला. म्हणे ती नव्या वस्तीत राहते. किती आधीपासून ठरवलं असेल!

३१ मार्च
मोरपीस कायम.
मला मुदतवाढ, तिच्या हाताखाली. साहेब म्हणाले, "त्यांनी शब्द टाकला म्हणून ठेवलंय तुम्हाला." दुपारभर तिच्यावर रागावायला कारण शोधलं. सापडलं नाही. याचाच जास्त राग आला.
चारच्या सुमाराला ती म्हणाली, "तक्रारींचा रिपोर्ट काढतेस का?" विचारलं, कशात देऊ? म्हणाली, "तुला आवडेल त्यात दे गं, मी बघून घेईन."
रिपोर्ट काढला. कशात सेव्ह करू, असं कॉम्प्युटरने विचारलं. ऑफिस सुटेपर्यंत ठरेना.
कॅन्सल केलं आणि घरी आले.