गिअरची मूठ आणि निळा मेणखडू

मी, लॉयल ऑगस्ट हॅल्व्हरसन, वय ८३, निवृत्त न्यायाधीश, राहणार हेझल क्रीक, मिशिगन, आज कोणाच्याही दडपणाशिवाय हा लेख स्वहस्ते लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. माझ्या स्मरणशक्तीबद्दल कन्या कोरीन हिला शंका आहे. त्या शंकेचा निकाल खालील मजकुरावरूनच लागावा. यापूर्वीची तिन्ही मृत्युपत्रे मी रद्द करतो.

१. राहते घर आणि बँकेतील सर्व ठेवी कोरीनला द्याव्यात. स्वयंपाकघराचा पिवळा रंग तिच्या आईने निवडलेला आहे. तो बदलण्यास माझी हरकत नाही. मला स्वतःला ते जमले नाही, एवढेच.

२. गॅरेजमधील सर्व हत्यारे शेजारी डेलबर्ट क्रूज याला द्यावीत. मोठा पाना त्यात सापडणार नाही, कारण तो १९९८ पासून त्याच्याच घरी आहे. डेलबर्टला या लेखावर साक्षीदार व्हायचे होते. ज्याला लाभ मिळतो त्याने साक्षीदार असू नये, हे मी त्याला समजावले. तो म्हणाला, "मग हत्यारं नकोत मला, सही करू दे. तुझ्या कागदावर एकदा तरी माझं नाव येऊ दे, जज्ज." ते येथे आले आहे.

३. आता गाडी. १९६७ सालची पॉन्टियाक जीटीओ, रंग गडद निळा. १९९४ मध्ये मी ती एका शेतावरच्या गोठ्यातून आणली व घरीच मूळ स्वरूपात आणायला घेतली. तिची हकिकत नोंदवल्याशिवाय पुढील कलमांचा अर्थ लागणार नाही.

माझी पत्नी मार्व्हा तरुणपणी मोटार कारखान्यात तपासनीस होती. तयार गाडी तिच्यापुढे येई, आणि ती योग्य वाटली की इंजिनामागच्या पत्र्यावर मार्व्हा निळ्या मेणखडूने खूण करी. जुन्या गाड्यांचे जाणकार अशा खुणा काचेसारख्या जपतात. हे मला ठाऊक होते, आणि तरीही एका शनिवारी मी तो पत्रा घासून लख्ख केला. मार्व्हा कॉफी घेऊन आली, तेव्हा मी म्हणालो, "इथे काहीतरी निळी घाण होती."

"कसली घाण?"

मी धुळीत बोटाने काढून दाखवले: एक वर्तुळ, डावीकडे लहानसे शेपूट. ती डावखुरी होती.

तिने कप खाली ठेवला. "लॉयल, ती घाण मी होते. सत्तावीस वर्षं टिकले गोठ्यात. तू एका दुपारी पुसलंस."

ती खूण पुन्हा कर, अशी मी विनंती केली. ती म्हणाली, "गाडी पुरी झाली की करीन. अर्धवट गाडीवर मी कधी खूण केली नाही." तिने खडू आणून गॅरेजच्या खणात ठेवला.

ते वचन पाळण्याची संधी मी तिला दिली नाही. शिवण सरळ नव्हती म्हणून गाडीतल्या सीटची कव्हरे तीनदा परत पाठवली. रंग दोनदा खरवडला. "मी मिनिटाला एक गाडी पास करायचे," ती म्हणे. डेलबर्ट कुंपणावरून विचारी, "गाडी आहे की अपील, जज्ज? निकाल कधी?" मार्च २०१३ मध्ये मार्व्हा गेली. उरलेले काम मी सात महिन्यांत संपवले. केवळ गिअरच्या दांड्यावरची पांढरी मूठ बसवली नाही.

ती बसवायला अर्धे मिनिट लागते. मी अकरा वर्षे घेतली. माझा युक्तिवाद असा: गाडी पूर्ण झाल्यावर खूण करीन, असे ती म्हणाली होती. गाडी पूर्ण नाही. म्हणून तिचे वचन मोडलेले नाही; ते केवळ प्रलंबित आहे.

४. मागच्या नाताळात कोरीन म्हणाली, "मी काढते ना खूण, बाबा. माझाही डावाच हात आहे." मी त्या कृत्याला बनावट शिक्का म्हटले. ती ताटातले गोड तसेच टाकून टोलेडोला, आपल्या घरी, निघून गेली. माझा मुद्दा बरोबर होता. तो मुलीपुढे मांडायचा नव्हता. हे मी येथे, जिथे मला खोडाखोड करता येणार नाही, कबूल करतो.

५. गाडी कोरीनला द्यावी. माझ्या दफनानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी डेलबर्टने मूठ बसवावी. त्याला अर्ध्या मिनिटाहून अधिक वेळ देऊ नये. मग कोरीनने गाडी चालवत टोलेडोला न्यावी. पावसात भिजली तरी चालेल. पत्र्यावर खूण करावीशी वाटल्यास तिने स्वतःची करावी, दुसऱ्या रंगाने.

६. निळा मेणखडू माझ्या कोटाच्या डाव्या खिशात ठेवून मला मार्व्हाशेजारी पुरावे. मृत्यूनंतर कोणी कोणाला भेटते, याचा पुरावा माझ्यापुढे आलेला नाही. तो आलाच, तर गाडी पुरी झाली हे तिला कळवण्याची जबाबदारी माझी, आणि तेव्हा तिच्याजवळ खडू नाही अशी सबब राहू नये.

वरील मजकूर मी वाचून पाहिला; त्यात बदल नाही.

लॉयल ऑगस्ट हॅल्व्हरसन (सही)

आमच्यासमक्ष सही झाली. आम्हांला यातून काहीही मिळणार नाही:
इलेन व्होस, निवृत्त टपाल कर्मचारी (सही)
रॉय टिबेट्स, औषध विक्रेता (सही)

हेझल क्रीक, दिनांक १९ ऑक्टोबर २०२४